गाडी नंतर, वायरिंग आधी

दुकानाचा माल पोहोचवण्यासाठी आम्ही विजेवर चालणारी तीनचाकी घेतली. डिझेलचा खर्च वाचला, पण घराच्या वायरिंगचा विचार केला नाही. ओसरीतल्या जुन्या प्लगला एक्स्टेन्शन जोडून रात्री गाडी चार्जिंगला लावली. पहाटे जळका वास आला. प्लग वितळला होता आणि दोन हातांवर कापडाच्या गाठी होत्या! थोडक्यात निभावले. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंना चार गोष्टी सांगतो.

हिशेब साधा आहे. 3.3 किलोवॅटचा चार्जर सुमारे 15 अँपिअर वीज घेतो, तीही तासन्‌तास. भिंतीवर बसवायचा 7.4 किलोवॅटचा चार्जर 32 अँपिअर घेतो. म्हणजे एक हॉर्सपॉवरच्या दहा मोटारी एकदम चालवल्यासारखेच.

तेव्हा आधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहावा. कमी असल्यास अर्ज करून वाढवून घ्यावा. मीटरपासून चार्जरपर्यंत तांब्याची स्वतंत्र वायर टाकावी. लहान चार्जरला 4 व मोठ्याला 6 चौरस मिलिमीटरची, अंतर जास्त असेल तर आणखी जाड. त्या लाइनवर वेगळा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. अर्थिंग तपासून घ्यावे. काम परवानाधारक माणसाकडूनच करावे.

केंद्राच्या 2024 च्या नियमांनुसार गाडी चार्ज करण्यासाठी वेगळी वीजजोडणी मागता येते. सोसायटीत राहणाऱ्यांनाही हा हक्क आहे.

वायरीत काटकसर करून आम्ही काय वाचवले? आयुष्यभराचा माल मात्र एका ठिणगीवर ठेवला होता.