भोंगा आणि पीपीएस: सेकंद नेमका कधी सुरू होतो?

गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या पट्ट्यात, एके काळी दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा ‘सात वाजले’ असं सांगत नसे. तो एवढंच म्हणायचा, ‘आत्ता!’ हा कितीचा भोंगा, ते ऐकणाऱ्याला ठाऊक असायचं. जीपीएस मॉड्यूलवरची ‘पीपीएस’ नावाची पिन हेच काम करते.

लॅमिंग्टन रोडवर मिळणारं निओ-६एम घ्या. त्यातून दोन गोष्टी बाहेर येतात. एक म्हणजे सिरियल पोर्टवर येणारा मजकूर: तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. दुसरी पीपीएस, म्हणजे ‘पल्स पर सेकंद’: दर सेकंदाच्या सुरुवातीला एक विद्युत ठोका.

‘मजकुरात वेळ येतेच, मग ही वेगळी तार कशाला?’ हा प्रश्न ज्युनिअर मंडळी हमखास विचारतात. कारण मजकूर उशिरा येतो. ९६०० बॉडला एका अक्षराला साधारण १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे ७० अक्षरांच्या ओळीला सुमारे ७० मिलिसेकंद. त्याआधी मॉड्यूलचं गणित. शिवाय हा उशीर दर वेळी थोडा बदलतो, त्यामुळे तो वजा करून टाकता येत नाही. पीपीएसच्या चढत्या कडेची अचूकता मात्र सुमारे ३० नॅनोसेकंद.

एवढी अचूकता कशाला हवी? वीज पडली की तिच्या रेडिओ लहरी वेगवेगळ्या केंद्रांवर कधी पोचल्या, यावरून ती जागा काढता येते. ‘दामिनी’ ॲप बनवणाऱ्या पुण्याच्या आयआयटीएमचं वीज नोंदवणारं जाळं आहे, ते याच कामासाठी. लहर १ मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. वेळेत १० मिलिसेकंदांचा गोंधळ झाला, तर तो अंतरात ३,००० किलोमीटर होतो! ३० नॅनोसेकंदांची चूक म्हणजे जेमतेम ९ मीटर.

दोन गोष्टी सांभाळा. भोंगा एक किलोमीटरवर ऐकणाऱ्याला तीन सेकंद उशिरा ऐकू यायचा. तसंच अँटेनाच्या केबलचं: दर मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद, २० मीटरला १००. पण हा उशीर ठरलेला असतो, एकदा वजा केला की झालं. दुसरं म्हणजे आकाश. जागेचे तीन आकडे आणि वेळ, अशा चार अज्ञात गोष्टी काढायला किमान चार उपग्रह लागतात. गिरगावातल्या चाळीच्या खिडकीतून आकाशाची पट्टीच दिसते आणि समोरच्या भिंतीवरून आपटून आलेले सिग्नल वेळ बिघडवतात. अँटेना गच्चीवरच न्या.

मग जोडणी अशी करा: पीपीएस मायक्रोकंट्रोलरच्या टायमर कॅप्चर पिनला, मजकूर सिरियलला. ‘आत्ता’ कधी, ते ठोक्याला विचारा. ‘किती वाजले’ ते मजकुराला. या दोन प्रश्नांची गल्लत झाली नाही, तर तीनशे-चारशे रुपयांचं मॉड्यूलही प्रयोगशाळेत चोख काम देतं.