कुलचिन्हांतील रंग
यूरोपातील घराण्यांच्या ढाली, ध्वज व मुद्रा यांवरील चिन्हांसाठी बाराव्या शतकापासून रूढ होत गेलेला मोजक्या रंगांचा संच. चिलखतात झाकलेला योद्धा दुरून ओळखू यावा, म्हणून हे रंग थोडे व ठळक ठेवण्यात आले. सोनेरी (ऑर) व रुपेरी (आर्जंट) यांस ‘धातू’ म्हणतात. धातूवर धातू किंवा रंगावर रंग घालू नये, असा संकेत आहे. पांढरा रुपेरीच्या व पिवळा सोनेरीच्या जागी चालतो.

इंग्रजी परिभाषेतील रंगनामे बहुतांशी प्राचीन फ्रेंचमधून आली. काळ्यास ‘सेबल’ म्हणतात ते त्या नावाच्या प्राण्याच्या लोकरीवरून; ती वस्तुतः गडद तपकिरी असते. तांबड्याचे ‘गूल्झ’ हे नाव गळ्याभोवतीच्या रंगविलेल्या लोकरी पट्ट्यांवरून आले असावे. फार्सी ‘गुल’शी जोडलेली व्युत्पत्ती आकर्षक असली, तरी ग्राह्य वाटत नाही. निळ्याच्या ‘ॲझ्यूर’ या नावाचे मूळ मात्र निश्चितपणे फार्सी आहे. ‘लाजवर्द’ या शब्दातील आद्य ‘ल’ उपपद समजून गाळला गेला. लाजवर्द म्हणजे अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतील राजावर्त हा खडा. सिल्लोड तालुक्यातील अजिंठा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यांत, इ. स. पाचव्या शतकातील वाकाटककालीन चित्रांचा निळा रंगही याच खड्याचा आहे. तेथील तांबडा गेरूचा, काळा काजळीचा व हिरवा हरित मातीचा. मातीवरून पडलेले एक नाव फ्रेंच कुलचिन्हविद्येतही आहे : काळ्या समुद्रावरील सिनोप बंदरातून येणाऱ्या तांबड्या मातीवरून ‘सिनोपल’ हा शब्द आला, पुढे त्याचा अर्थ पालटून हिरवा असा झाला.

मराठ्यांच्या ध्वजाचा भगवा या संचात नीट बसत नाही. गेरू वा काव यांत रंगविलेल्या संन्याशाच्या वस्त्राचा तो रंग होय. त्याच्या जवळचा ‘टेनी’ हा नारिंगी-तपकिरी रंग इंग्लंडमध्ये क्वचितच वापरला गेला. 1877 च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना दिलेल्या ध्वजांवरील कुलचिन्हे रॉबर्ट टेलर या मुलकी अधिकाऱ्याने यूरोपीय पद्धतीने आखली होती. अशा वर्णनांत भगव्यासाठी ‘गूल्झ’ योजल्यास रंग साधारण कळतो, त्यामागील वैराग्याचा संकेत कळत नाही.

छपाईत रंग नसल्यास सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता याच्या 1638 मधील ग्रंथामुळे प्रसृत झालेली रेषापद्धती वापरतात : तांबड्यासाठी उभ्या रेषा, निळ्यासाठी आडव्या, सोनेरीसाठी ठिपके, रुपेरी जागा कोरी सोडतात.