जपानी घरात परतलेले शेत

जपानमधील नव्या घरांच्या रचनेत अलीकडे जुन्या शेतघराच्या खुणा पुन्हा दिसू लागल्या आहेत. कोठे दारातून आत शिरताच ‘दोमा’ येते, कोठे बागेच्या कडेने ‘एन्गावा’ ही लाकडी पडवी येते, तर कोठे छपरावर गवत उगवते. हा केवळ अभिरुचीतील बदल आहे असे म्हणून भागणार नाही. घर ही कलाकृती असते, तशीच ती अर्थव्यवस्थेचीही निर्मिती असते.

जुन्या शेतघरात निव्वळ शोभेचे असे फारच थोडे होते. दोमा म्हणजे चोपून घट्ट केलेली मातीची जमीन. स्वयंपाक, अवजारे आणि पावसाळी दिवसांतील कामे यांची ती जागा. इरोरी या उघड्या चुलवणाचा धूर छपराच्या गवतात मुरे आणि किडीला दूर ठेवी. काही भागांत आढ्यावर माती घालून रोपे लावीत, ती मुळांनी आढे धरून ठेवावे म्हणून. शिराकावा-गो आणि गोकायामा येथील घरे १९९५ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी त्यांची उभी छपरे हिमाचा भार साचू नये यासाठी आहेत. त्यांखालील माळ्यांवर रेशमाचे किडे पोसले जात. एवढे छप्पर शाकारणे एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून सारे गाव आज एकाच्या, तर पुढे दुसऱ्याच्या छपरावर राबे. या प्रथेचे नाव ‘युई’. मराठी मुलखातील इर्जिकेशी तिचे नाते सहज ओळखता येते.

आजच्या वास्तुशिल्पकारांनी या परंपरेतून निरनिराळ्या गोष्टी उचलल्या. तेरुनोबु फुजिमोरी यांनी १९९५ साली स्वतःच्या घराच्या भिंतींवर व छपरावर डँडेलियन या रानफुलाची रोपे लावली. १९९७ साली लेखक गेन्पेई आकासेगावा यांच्या घराच्या छपरावर ‘निरा’ या पातीच्या भाजीची. केंगो कुमा यांनी २०१० साली युसुहारा या डोंगरी गावातील बाजार व अतिथिगृहाच्या इमारतीत गवताच्या पेंढ्या छपराऐवजी दर्शनी भिंतीवर रचल्या. छप्पर राखणारे गवत येथे दर्शनी अलंकार झाले.

याच काळात प्रत्यक्ष शेतीचे काय झाले? सुमारे १९७० पासून जवळजवळ अर्धशतक सरकार भाताचे क्षेत्र घटविण्यासाठी अनुदान देत राहिले. लागवडीचे प्रमाण वरून ठरवून देण्याची ती पद्धत २०१८ साली थांबली. २०१५ साली शेती हाच मुख्य व्यवसाय असणारे १७ लाख ५७ हजार लोक होते. २०२० च्या गणनेत ते १३ लाख ६३ हजारांवर आले आणि त्यांचे सरासरी वय होते ६७.८ वर्षे. २०२३ च्या पाहणीत देशातील सुमारे ९० लाख घरे, म्हणजे एकूण घरांपैकी १३.८ टक्के, रिकामी आढळली. खेड्यातील खरी शेतघरे ओस पडत असताना नव्या घरांनी त्यांचे रूप धारण करावे, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

अर्थात, याचा दोष घर बांधणाऱ्या नागरिकाला देणे अन्यायाचे होईल. शाकारणाऱ्याला काम मिळाले तरच त्याची विद्या टिकेल. गवती शाकारणीसह लाकडी वास्तूंच्या जतनाची कौशल्ये २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. परंतु यादी पोट भरत नाही, मागणी भरते. तथापि रूपाची मागणी आणि शेतीची मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने कारागीर जगेल, शेतकरी जगेलच असे नाही.

फुजिमोरींच्या बांधकामांवर त्यांचे हौशी मित्र स्वतः राबतात, ही बाब म्हणूनच त्यांच्या छपरावरील फुलांइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. गवत विकत मिळते. युई विकत मिळत नाही. शेताचे रूप घरात आणणाऱ्या समाजाने शेतातील माणसाची आणि त्याच्या श्रमाच्या मोलाचीही चिंता वाहिली नाही, तर हे नवे दोमा उद्या एका संपलेल्या व्यवसायाचे नेटके स्मारक ठरेल.