गोठवलेला स्फटिक आणि बिघडलेला कोफॅक्टर

‘स्फटिक शंभर केल्विनला होता, रेझोल्यूशन उत्तम आहे, मग क्ष-किरणांनी कोफॅक्टरचं काय बिघडणार?’ बंगळुरूच्या जे. पी. नगरात राहणारी, प्रथिनांच्या रचना सोडवणारी मराठी मुलं भेटली की हे वाक्य ऐकू येतंच. आता मला त्याचा वैताग येतो. याचं उत्तर २००५ पासून छापील आहे, आणि तेही शंभर केल्विनच्याच प्रयोगातून!

गोठवल्याने फायदा होतो, यात वाद नाही. क्ष-किरणाने एक इलेक्ट्रॉन उडवला की तो वाटेत शेकडो इलेक्ट्रॉन मोकळे करतो, मुक्त मूलकं तयार होतात. उणे १७३ अंशांना ही मूलकं बहुतेक जागीच अडकतात, म्हणून स्फटिक खोलीच्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. इलेक्ट्रॉन मात्र त्या थंडीतही फिरतात. आणि लोह, मँगनीज, फ्लेविन अशा कोफॅक्टरांचं, म्हणजे एन्झाइमच्या मदतनीस घटकांचं, कामच मुळी इलेक्ट्रॉन घेण्याचं! ते आधी बळी पडतात. फ्लेविनच्या पिवळ्या स्फटिकात किरण गेला तेवढाच पट्टा फिकट पडलेला डोळ्यांना दिसू शकतो. विवर्तनाचे ठिपके तेव्हाही ठसठशीत असतात. एल्स्पेथ गार्मन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दिलेली, शोषलेल्या किरणांच्या डोसची ३० मेगाग्रेची मर्यादा याच ठिपक्यांची आहे. कोफॅक्टरला ती लावून मोकळं होणं साफ चूक.

आता २००५ चा तो प्रयोग. ‘बॅसिलस अल्कॅलोफिलस’ या जिवाणूचं फॉस्फोसेरीन अमिनोट्रान्सफरेज, शंभर केल्विन, १.३ अँगस्ट्रॉम. कोफॅक्टर पीएलपी, म्हणजे बी-६ जीवनसत्त्वाचं क्रियाशील रूप, शिफ बंधाने लायसीनला जोडलेलं. बंगळुरूला हे कुळ परकं नाही. भारतीय विज्ञान संस्थेत एम. आर. एन. मूर्ती आणि एच. एस. सावित्री यांनी पीएलपीच्या एन्झाइमांवर दीर्घकाळ काम केलं आहे. तर त्या स्फटिकात डोस वाढत गेला तसा शिफ बंधातला प्रोटॉन गेला, कोफॅक्टर सरकला आणि शेवटी बंधच तुटला. महत्त्वाचं पुढेच आहे. किरणांची झळ न लागलेल्या रचनेत तो बंध ताणलेला, कोफॅक्टर वाकडा होता. झळ लागल्यावर ताण सुटला. म्हणजे जास्त सरळ आणि नीटनेटकी दिसणारी भूमिती ही बिघडलेली! एन्झाइम हा ताण अभिक्रियेसाठी वापरत असेल, तर आपण नेमका तोच पुरावा पुसून वर शोधनिबंध लिहितो.

यावरचे नेहमीचे आक्षेप पाहू. ‘रचना प्रोटीन डेटा बँकेत आहे, म्हणजे तपासलेली आहे.’ भूमिती तपासलेली असते. धातूची ऑक्सिडेशन अवस्था त्यात कुणी मोजत नाही.

‘नामांकित प्रयोगशाळांत असं होत नाही.’ प्रकाशसंश्लेषणातल्या प्रकाशप्रणाली-२ ची १.९ अँगस्ट्रॉमची गाजलेली रचना २०११ ची. २०१५ मध्ये एक्स-रे लेसरच्या अतिलघू स्पंदांनी, म्हणजे नुकसान पसरण्याआधीच, मोजणी केली तेव्हा मँगनीज-मँगनीज अंतरं त्या रचनेपेक्षा ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमने कमी भरली.

‘आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर धोका नाही.’ यंत्र कुठलं याला महत्त्व नाही, एकूण डोस मोजा.

‘मग लेसर नसेल तर हात टेकायचे?’ अजिबात नाही. मोजणीच्या आधी आणि नंतर त्याच स्फटिकाचा वर्णपट घ्या. पहिल्या आणि शेवटच्या फेऱ्यांचा डेटा वेगळा सोडवून कोफॅक्टरभोवतीची इलेक्ट्रॉन घनता ताडून पाहा. एकाच स्फटिकाला पिळून काढण्यापेक्षा अनेक स्फटिकांकडून थोडा थोडा डेटा घ्या. २००२ मध्ये हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजवर बर्गलुंड आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. डोसनुसार डेटा लावून, किरणांनीच पुरवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या आधारे त्यांनी ऑक्सिजनचं क्षपण टप्प्याटप्प्याने पाहिलं.