जेट इंजिनाचा बोल्ट

ट्रॅक्टरचा बोल्ट तुटला, तर तालुक्याच्या दुकानातून त्याच मापाचा दुसरा आणून काम भागविता येते. लढाऊ विमानाच्या इंजिनाला हा सोपा मार्ग मोकळा नाही. हवाई दलाच्या विमानांची व इंजिनांची मोठी दुरुस्ती आणि सुट्या भागांचा पुरवठा ज्या मेंटेनन्स कमांडकडे आहे, तिचे मुख्यालय नागपूरच्या वायुसेनानगरात आहे. ओझर येथील ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपो याच कमांडच्या अखत्यारीत येतो.

जेट इंजिनात आत घेतलेली हवा दाबली जाते, तीत इंधन जळते आणि तप्त वायूंच्या झोताने टर्बाइनची चक्रे फिरतात. सुखोई-३० विमानाच्या एएल-३१ एफपी इंजिनात टर्बाइनपाशी या वायूंचे तापमान १,४०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. अशा उष्ण भागातील बोल्ट बहुधा निकेलच्या मिश्रधातूचे असतात. नटांवर पुष्कळदा चांदीचा पातळ मुलामा देतात. तो शोभेसाठी नसून तापलेले आटे एकमेकांत जखडून बसू नयेत म्हणून असतो. आता समजा, येथे त्याच मापाचा, कॅडमियमचा मुलामा दिलेला पोलादी बोल्ट बसविला. विमानाच्या थंड भागांत असे बोल्ट गंजू नयेत म्हणून खुशाल वापरले जातात. परंतु कॅडमियम ३२१ अंशांनाच वितळते आणि ताणाखालील पोलादाच्या कणांमधील सांध्यांत शिरून त्याला ठिसूळ करते. माप तेच, आटे तेच, चकाकी तर कदाचित अधिकच. मात्र असा बोल्ट उड्डाणात अचानक तुटू शकतो.

म्हणूनच भागाइतकेच महत्त्व त्याच्या कागदाला असते. धातू कोणत्या ओतीतील, त्यावर उष्णतेची कोणती प्रक्रिया झाली, तपासणी कोणी केली, याची नोंद भागासोबत चालते. दप्तर सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांना याचे नवल वाटू नये! ८ सप्टेंबर १९८९ रोजी ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले पार्टनेअर कंपनीचे प्रवासी विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले व ५५ जण मृत्युमुखी पडले. शेपटीचा उभा भाग जखडणारे काही पिन व स्लीव्ह अप्रमाणित आणि हव्या त्यापेक्षा मऊ धातूचे असल्याचे तपासात आढळले.

आपल्यापुढील अडचण आणखी वेगळी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि सुटे भाग बनविणारे कारखाने निरनिराळ्या देशांत विभागले गेले. पुरवठा विस्कळीत झाला, तरी मिग-२१ विमाने मात्र २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत सेवेत होती. विमान उडत राहते आणि त्याचा नट बनविणारा नाहीसा होतो, अशी ही स्थिती. तिच्यावर उपाय देशी उत्पादनाचाच. सप्टेंबर २०२४ मध्ये २४० एएल-३१ एफपी इंजिनांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी २६,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा करार झाला. ही इंजिने ओडिशातील कोरापुट येथे तयार व्हावयाची असून त्यांतील देशी वाटा सरासरी ५४ टक्क्यांहून अधिक राहावा, अशी योजना आहे.

लहान उद्योजकांनाही यात वाव आहे, पण वाट सोपी नाही. मूळ आराखडा हाती नसेल तर नमुना मोजून, कापून, धातूचे पृथक्करण करून प्रारंभ करावा लागतो. त्यानंतर चाचण्या आणि लष्करी उड्डाणयोग्यता प्रमाणित करणाऱ्या यंत्रणेची मान्यता. या यंत्रणेचे एक प्रादेशिक केंद्र नाशिकला आहे. एवढे झाल्यावर मागणी कधी काही डझनांचीच निघते. तपासणी सैल करणे हा त्यावरचा इलाज नव्हे. अनेक वर्षांची मागणी एकत्रित करून आधीच कळविली, तर बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखानदाराला यंत्र आणि माणूस दोन्ही त्या कामी लावणे परवडेल.