टांगत्या बिछान्याची निगा

दुचाकीवरून आठ-दहा दिवसांच्या प्रवासास निघणारे तरुण आता अनेक व्यापारी घरांत दिसतात. त्यांच्या सामानात तंबूऐवजी पुष्कळदा हॅमॉक असतो, म्हणजे दोन झाडांच्या मध्ये टांगावयाची कापडी झोळी, तिचे पट्टे आणि वर बांधावयाची ताडपत्री. हे सामान वजनास हलके असले, तरी झोपणाऱ्याचा सारा भार त्यावर असतो. अपरात्री पट्टा तुटला, तर प्रश्न केवळ नव्या खरेदीचा राहत नाही. मणक्यास इजा होऊ शकते आणि घर शेकडो किलोमीटर दूर असते.

हे सामान झाडावर जितके झिजते, त्याहून अधिक दुचाकीवर झिजते, हे ध्यानी घ्यावे. रबरी दोराने कॅरियरवर आवळलेली पिशवी दिवसभर हादऱ्यांनी घासत राहते आणि कापडास बारीक भोके पडतात. म्हणून झोळी जाड पिशवीत घालून मऊ कपड्यांच्या मध्ये ठेवावी. लोखंडी कड्या व हत्यारे निराळी बांधावीत. तापलेल्या सायलेन्सरला नायलॉन चिकटून वितळते. डायनीमाची दोरी तर सुमारे १४५ अंश सेल्सिअसलाच वितळते. लोंबणारे टोक त्यासाठी आधीच आत खोचावे.

दुसरा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी नायलॉन व पॉलिएस्टर या दोहोंचे धागे कालांतराने दुबळे होतात. पट्टे कॅरियरवर उघडे बांधू नयेत आणि सकाळी उठताच झोळी उतरवावी.

तिसरा शत्रू ओल. अलिबागहून गोव्याकडे किनाऱ्याने जाताना पहाटेचे दव, खारी हवा व वाळू यांपासून सुटका नसते. ओली ताडपत्री निरुपायाने गुंडाळावी लागली, तर ती झोळीपासून वेगळी ठेवावी आणि दुपारच्या विश्रांतीत सावलीत वाळवावी. अनेक दिवस ओलसर राहिल्यास तिचा पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन सुटू लागतो. घरी परतल्यावर सौम्य साबणाच्या पाण्यात हाताने धुऊन, पूर्ण वाळवून मगच सारे कपाटात ठेवावे.

बांधण्याचाही हिशेब आहे. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर ७५ किलो वजनाच्या माणसामुळे प्रत्येक पट्ट्यावर साधारण ७५ किलोंचा ताण येतो. झोळी ताठ ओढून तोच कोन १५ अंशांवर आणला, की ताण सुमारे १४५ किलोंवर जातो. थोडी सैल झोळी त्यामुळे अधिक टिकते. पट्टा किमान अडीच सेंटिमीटर रुंद असावा, म्हणजे झाडाची सालही सोलवटत नाही. नारळाखाली मात्र कधीही झोपू नये.

रोज संध्याकाळी टांगण्यापूर्वी पट्ट्यांची शिवण व टोके बोटांनी चाचपावीत. ताडपत्रीचे छिद्र ठिगळाने बुजते. शिवण उसवलेला पट्टा मात्र त्याच दिवशी बाद करावा. तेथे काटकसर नको.