सेवा अत्यावश्यक, सेविका मात्र मानसेवी

राज्यातील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनी ४ डिसेंबर २०२३ रोजी पुकारलेला संप २५ जानेवारी २०२४ पर्यंत, म्हणजे ५२ दिवस चालला. जळगाव-धुळ्याकडील शिक्षक आणि कारकुनांच्या घरांत याच्याशी मिळताजुळता आणखी एक आकडा अजूनही अभिमानाने सांगितला जातो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी डिसेंबर १९७७ मध्ये सुरू केलेला संप ५४ दिवस टिकला होता. ज्या वर्गाला आपले वेतन आणि महागाई भत्ता झगडूनच मिळाला, त्याच वर्गाने सेविकांना 'पण मुलांचे काय?' असे विचारावे, हे काहीसे नवलाचे आहे. मात्र प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही.

चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्याच्या सातपुड्यालगतच्या पाड्यांवर या प्रश्नाला फार वजन आहे. हिवाळ्यात तेथील अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. कोणी ऊसतोडीला गुजरातेत जाते, कोणी खाली कापसाच्या आणि केळीच्या पट्ट्यात. लहान मूल आजीपाशी राहिले, तर दिवसाचे एक गरम जेवण त्याला अंगणवाडीतच मिळण्याची शक्यता असते. सेविका त्याच पाड्यावरची असली तर पावरी किंवा भिली जाणते. वजनाच्या तक्त्यावरची प्रमाण मराठी ती आईला तिच्या बोलीत समजावून सांगते. ही अंगणवाडी ऐन डिसेंबर-जानेवारीत बंद राहते, तेव्हा त्याची झळ कोणाला लागते हे सांगावयास नको. ही हानी नाकारून संपाचे समर्थन करणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

परंतु सेविकांवर ही पाळी कशी आली, हेही पाहावे लागेल. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी आणि मुंबईची धारावी ही तिची आरंभस्थाने होत. त्या वेळी मॅट्रिक झालेल्या सेविकेस महिना १५० रुपये, न झालेलीस १०० आणि मदतनिसास ३५ रुपये ठरले. त्याला वेतन न म्हणता मानधन म्हटले गेले. ती गावातली समाजसेवा करणारी स्त्री, सवडीने दोन तास देणारी, अशी कल्पना होती. पुढे सर्वेक्षण, लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी, निवडणुकीची कामे असा बोजा वाढत गेला. शब्द मात्र तोच राहिला. शासनाच्या हिशेबवहीत या एका शब्दाने जेवढी बचत केली आहे, तेवढी कोणत्याही काटकसर समितीने केली नसेल.

२०१५ मध्ये या व्यवस्थेची आर्थिक मांडणीच बदलली. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्के झाला, आणि राज्यांना आता अधिक पैसा मिळतो या आधारावर केंद्राने सामाजिक योजनांतून हात आखडता घेतला. बालविकास सेवेची तरतूद २०१४-१५ च्या अर्थसंकल्पात अठरा हजार कोटी रुपयांहून अधिक होती. ती पुढील वर्षी साडेआठ हजार कोटींच्या खाली आणली गेली आणि नंतर पुरवणी मागण्यांनी काहीशी भरून काढावी लागली. सर्वसाधारण खर्चातील केंद्र-राज्य प्रमाण ९०:१० होते, ते ६०:४० झाले. खात्याच्या तत्कालीन मंत्री मेनका गांधी यांनीही या कपातीवर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. संघराज्याच्या तत्त्वाने पाहता राज्यांना मोकळा पैसा मिळणे गैर नव्हे. मात्र त्यातून अंगणवाडीला किती द्यावयाचे याचे बंधन कोणावरच उरले नाही, आणि मंत्रालयात पाड्यावरच्या मुलाची बाजू मांडणारा दुसरा कोणी नव्हता. ती मांडली सेविकांनी.

धुळे जिल्हा अविभक्त असताना शहाद्याच्या श्रमिक संघटनेने १९७२ नंतर आदिवासी स्त्रियांना सरकारी दारात उभे राहून बोलावयास शिकविले होते. ते शहाणपण खानदेशास अगदीच अपरिचित नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये सेविकांचा राज्यव्यापी संप झाला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये शासनाने त्यांना अत्यावश्यक सेवा कायदा लागू केला. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्यास स्थगिती द्यावी लागली, हे बरेच झाले. पण तेवढ्या दिवसांत शासनाच्या मनातील विसंगती उघड झाली. काम थांबवू पाहणारी सेविका अत्यावश्यक ठरते, आणि वेतन मागू लागली की तीच मानसेवी स्वयंसेविका होते! २०२१ मध्ये शासनाने दिलेले मोबाइल संच सेविकांनी परत केले. नोंदींचे ॲप इंग्रजीत आणि संच नादुरुस्त, ही तक्रार घेऊन त्या कचेऱ्यांत गेल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला परकी भाषा देऊन तिच्या नोंदी चुकल्या म्हणून मानधन कापण्याची भीती घालणे, याला सुधारणा म्हणणे कठीण आहे.

न्यायालयांनी या विसंगतीत दोन्ही बाजू पाहिल्या. अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतील पद नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असा निर्णय दिला. त्याआधी मे २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेनेही योजनांवर राबणाऱ्यांना स्वयंसेवक न मानता कामगार मानावे अशी शिफारस केली होती.

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकेचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये आणि मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये झाले. २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीपूर्वी आणखी वाढ जाहीर झाली. संघटनांचा लढा वाया गेला असे त्यामुळे म्हणता येत नाही. मात्र तो लोकांपुढे ज्या रीतीने आला, त्यात एक उणीव राहिली. बावन्न दिवस वर्तमानपत्रांतून बहुधा मानधन आणि निवृत्तिवेतन एवढेच वाचावयास मिळाले. मागण्यांच्या यादीत मुलांच्या आहाराचा दर वाढविण्याची मागणीही होती, हे किती शिक्षकांच्या कानी आले? संघटनांनी ते कलम यादीच्या तळाशी न ठेवता ग्रामसभांतून, शाळांच्या व्यवस्थापन समित्यांतून आधी मांडावयास हवे होते. पहिलीच्या वर्गात येणारे मूल कसे आले आहे, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणाला कळते?

आहाराचा तो दर २०१७ मध्ये ठरला: सर्वसाधारण मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये. सेविकांनी ८ चे १६ मागितले होते. पूरक आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मानिम्मा उचलतात, म्हणजे आठांतील चार रुपये मुंबईचे आणि चार दिल्लीचे. दिल्ली चारांवरच थांबली, तर सोळा पुरे करावयास मुंबईला बारा घालावे लागतील.